गोदूबाईच्या लगडी

एकदा एका नदीकाठच्या गावात तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची एक आळी होती, आणि त्या आळीला आपल्या कामाचा इतका अभिमान होता की तिथला माणूस दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून गेला तरी पाणी पिऊन झाल्यावर आधी तांब्या उलटा करून त्याचे बूड पाहत असे. हा अभिमान वाजवी होता, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण पुढे या गोष्टीत अभिमानाला बरीच बोलणी खावी लागणार आहेत, आणि मला ती अजिबात पटत नाहीत.

तांबटाचे काम म्हणजे दिवसभर हातोडी. पत्र्याला आकार आला की त्यावर एकसारखे ठोके देत जायचे, त्याला मठारणे म्हणतात. त्याने भांडे बळकट होते आणि ठोकणाऱ्याचा खांदा कायमचा दुखावतो. पन्नाशी उलटली की दंड भरून येऊ लागतो, कान मंदावतात, आणि मग एक दिवस हातोडी खुंटीला लागते ती लागतेच. पुढे खायचे काय? म्हणून आळीच्या पूर्वजांनी एक रीत घालून दिली होती. प्रत्येक घराने कमाईतला ठरावीक भाग बाजूला काढायचा, त्याचे तांबे घेऊन त्याच्या लहान विटेसारख्या लगडी ओतायच्या, त्यांवर आपल्या घराचा शिक्का मारायचा, आणि त्या देवीच्या देवळातल्या तळघरात नेऊन ठेवायच्या. हात थकला की पंच त्यातल्या लगडी हळूहळू मोडून त्या घरी दरमहा पैसे पोचवत, अगदी शेवटपर्यंत. हिला म्हणत उतारवयाची ठेव. आज आपण जिला पेन्शन म्हणतो ती हीच, फक्त वजनाला जास्त.

या रीतीत एक गंमत होती. लगडी देवळात पोचवायचे काम पुरुषांचे नव्हते. फार पूर्वी ते पुरुषच करत, पण घरातून निघालेली लगड देवळात पोचेपर्यंत वाटेत कुठे कुठे मुक्काम करी, आणि कधी कधी पोचतच नसे. कोणाच्या लगडीचा झुंजीचा बुलबुल झाला, कोणाच्या लगडीची ताडी झाली. शेवटी आळीतल्या जुन्या बायकांनी कंबर कसली आणि सांगितले की हे काम आजपासून आमचे. तेव्हापासून दर अमावास्येला, भट्ट्या थंड असत त्या दिवशी, प्रत्येक घरची बाई पदराखाली लगड घेऊन देवळात जाई. पुरुष यावर आपापसात हसत. ठेव मात्र पुरुषाच्या नावाने बोलली जाई. अमक्याची ठेव, तमक्याची ठेव. लगड घेऊन कोण येते याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते, जसे दारात रोज येणाऱ्या उन्हाकडे आपण देत नाही.

त्या आळीत महिपत नावाचा एक नामांकित तांबट होता. त्याच्या हातच्या बंबाला बाजारात रांग लागे. त्याची बायको गोदूबाई. पुष्कळ वर्षे संसार झाला, मुलगी लग्न होऊन दूरगावी गेली, आणि त्यानंतर दोघे वेगळे झाले. का झाले, असे तुम्ही विचाराल. विचारू नका. आळीने खूप विचारले, आणि दोघांनीही कोणाला दाद दिली नाही. भांडण झाले नाही, तिसरे माणूस आले नाही. एका छपराखाली दोघांना श्वास घ्यायला अवघड होऊ लागले, एवढे मला कळले, आणि तेवढे पुरे आहे. घर महिपतच्या वडिलांचे होते, म्हणून गोदूबाई निघाली. आळीच्या टोकाला एक खोली भाड्याने घेऊन ती राहू लागली आणि दुकानदारांची भांडी चिंच आणि रांगोळीने घासून चकचकीत करून देऊ लागली. त्यावर तिचे त्या दिवसाचे भागत होते. पण घासणारे हातही थकतात, आणि तिच्या बोटांच्या पेरांना आतापासूनच सूज येऊ लागली होती. तिच्या म्हातारपणाचे काय, हा प्रश्न होता. सगळी ठेव महिपतच्या नावाने तळघरात होती.

महिपत वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत नवऱ्याला दुष्ट केले की काम सोपे होते आणि गोष्ट खोटी होते. त्याने स्वतः होऊन पंचांसमोर सांगितले, "ती माझ्या घरातून गेली तरी मी तिला उपाशी ठेवणार नाही. आजपासून माझ्या कमाईतून आणि हात थकल्यावर माझ्या ठेवीतून तिला दर महिन्याला घरखर्च देईन." आळीने माना डोलावल्या. असा नवरा मिळायला भाग्य लागते, असे बायकासुद्धा म्हणाल्या.

पहिल्या महिन्याला गोदूबाई गेली. ज्या उंबऱ्यावर तिने इतकी वर्षे हळदकुंकू वाहिले होते, त्याच्या बाहेर उभी राहिली. महिपत काम थांबवून आला. तिच्या हातावर पैसे ठेवले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "पुरतील ना? कमी पडले तर सांग, संकोच करू नकोस." समोरच्या ओट्यावर चार बायका डाळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. त्याच्या बोलण्यात जराही खोट नव्हती, आणि गोदूबाईला रडू आले ते त्यामुळेच. तिने ते तिथे येऊ दिले नाही. खोलीत येऊन दार लावून घेतले, मग रडली.

दुसऱ्या महिन्याला ती गेली नाही. तिसऱ्याही नाही. महिपतने निरोप पाठवला, तिने सांगितले, नको. तो स्वतः पैसे घेऊन तिच्या दाराशी गेला, तिने त्याला पाणी दिले, बसायला पाट दिला, आणि पैसे परत दिले. झाले, आळी फिरली. "घरात दाणा नाही आणि तोरा बघा." "देणारा देतोय तर हिचे हात झिजतात का?" काल तिच्यासाठी हळहळणाऱ्या बायका आज तिला माजलेली म्हणू लागल्या. गोदूबाई कोणाशी भांडली नाही. मान ताठ ठेवून नदीवर पाण्याला जाई आणि ताठ मानेनेच परत येई.

पंचांना काळजी पडली. महिपतचा खांदा आता बोलू लागला होता, चार-सहा वर्षांत त्याची ठेव मोडायला घ्यावी लागणार होती. तांबट गेला तर उरलेली ठेव बायकोला मिळे, असा रिवाज होता. पण वेगळी राहणारी बायको ही बायको मोजायची की नाही, याचा विचार आळीने कधी केलाच नव्हता. तेव्हा वडील पंच टेकडीवर राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांकडे गेले. आचार्य थकले होते, गावात फारसे उतरत नसत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आपल्या शिष्याला सांगितले, "तू जाऊन ये."

शिष्य तरुण होता, विद्वान होता, आणि आपण विद्वान आहोत हे त्याला पक्के ठाऊक होते. गुरूंनी पहिल्यांदाच आपल्याला निवाड्याला पाठवले म्हणून तो टेकडी उतरताना जवळजवळ पळतच होता. त्याने विचार केला, प्रश्न सोपा आहे. देणारा तयार आहे, घेणारी हटून बसली आहे. तेव्हा घेणारीला समजावायचे.

गोदूबाई दारात बसून एक भलामोठा हंडा घाशीत होती. शिष्याने तिला विनयाचे महत्त्व सांगितले, अहंकाराने होणारी हानी सांगितली, आणि शेवटी म्हणाला, "बाई, आम्ही विद्यार्थी रोज पाच घरी भिक्षा मागतो. त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. उलट मन नम्र होते. मग तुम्हाला एका घरी हात पुढे करायला काय हरकत आहे?"

गोदूबाईने हंड्यावरचा हात थांबवला. "शास्त्रीबुवा, तुम्ही कोणाच्या घरची भिक्षा मागता?"

"गृहस्थांच्या घरची. जे देतील त्यांच्या."

"म्हणजे दुसऱ्याच्या घरची. तुम्ही दुसऱ्याच्या घरची मागता, म्हणून तुम्हाला नम्र वाटतं. मी माझ्याच घरची मागू? आणि आज ते देतायत. उद्या त्यांचे डोळे मिटले, नाहीतर मन फिरलं, की मग मी कोणाच्या दारात उभी राहू?"

  शिष्य उठून महिपतकडे गेला आणि म्हणाला की घरखर्चाऐवजी एकदाच काय ते देऊन टाका, सरळ अर्धी ठेव द्या, म्हणजे वाद मिटेल.  अर्धी ठेव म्हणजे अर्धे म्हातारपण. पण महिपतही अभिमानी माणूस होता, आळीत आपले नाव मोठे राहावे असे त्याला वाटे. तो म्हणाला, "देतो. अर्धी देतो. पण माझ्या हाताने देईन, देवळात, सगळ्यांसमोर. लोकांना दिसू दे महिपतने काय दिलं ते."

शिष्य आनंदाने पुन्हा आळीच्या टोकाला आला. एवढी मोठी गोष्ट आपण एका दुपारच्या आत जुळवली, याचे त्याला स्वतःलाच कौतुक वाटत होते. गोदूबाईने सगळे ऐकले आणि म्हणाली, "अर्धं काय, सगळं दिलं तरी मी नाही घेणार. जा तुम्ही, ऊन उतरलंय."

शिष्य टेकडी चढून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता आणि पारा चढला होता. "आचार्य, त्या बाईच्या अहंकाराला औषध नाही. न्यायाने मिळावे तेवढे सगळे मिळत असता ती नाकारते. तो बिचारा आपले अर्धे म्हातारपण काढून देतो आहे, आणि ही म्हणते जा."

"काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांग."

शिष्याने सांगितले. माझ्याच घरची भिक्षा मी मागू, हे वाक्य त्याने जरा कुचेष्टेनेच सांगितले. आचार्य ते ऐकून एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाले, "शाबास. माझी काठी दे. अमावास्येला मी खाली येतो. मला त्या बाईला बघायचं आहे."

अमावास्येच्या दिवशी आळी झाडून देवळात जमली. आचार्य उतरले म्हणजे काहीतरी मोठे घडणार, हे सगळ्यांना माहीत होते. त्यांनी महिपतच्या घरच्या सगळ्या लगडी तळघरातून वर आणायला सांगितल्या. सभामंडपात तांब्याचा ढीग झाला. वर्षांनुवर्षे अंधारात राहून काळवंडलेल्या त्या लगडी होत्या. एका माणसाच्या खांद्याचे इतके काम एका जागी पाहायला लोक टाचा उंचावू लागले. महिपत उपरणे नीट करून पुढे आला. आज त्याचा दिवस होता.

आचार्यांनी गोदूबाईला बोलावले आणि ढिगापाशी पाटावर बसवले. मग महिपतला म्हणाले, "तू खाली, त्या पायरीवर बस." तो गोंधळून बसला. आचार्य गोदूबाईकडे वळून स्पष्ट आवाजात म्हणाले, "बाई, ही ठेव तुझी. यातलं याला काय द्यायचं ते तू ठरव आणि आपल्या हाताने दे. महिपत, पुढे हो. उपरणं पसर."

क्षणभर कोणाला काही कळले नाही. मग एकच गलका झाला. वडील पंच उभे राहिले, खाली बसले, पुन्हा उभे राहिले. शिष्य गुरूंच्या कानाशी लागून कुजबुजला, "आचार्य, आपली काही गफलत होते आहे. हे उलटे झाले."

"उलटं झालं ना?" आचार्य म्हणाले. "मग थांब जरा."

महिपतचा चेहरा तापलेल्या भट्टीसारखा लाल झाला होता. "महाराज, आपण वडीलधारे, म्हणून ऐकून घेतो. मिसरूड फुटलं तेव्हापासून हातोडी मारतोय मी. हा खांदा बघा, वर होत नाही आता. आणि माझ्याच मेहनतीसाठी मी उपरणं पसरू? हिच्यापुढे? साऱ्या आळीदेखत?"

"अरे, ती चांगली बाई आहे. अर्धं देईल तुला. मऊ आवाजात देईल, पुरेल ना असंही विचारील. मग अडचण काय आहे?"

"अर्धं काय, सगळं दिलं तरी मी," महिपत बोलता बोलता थांबला.

कारण हे वाक्य साऱ्या आळीला माहीत होते. गोदूबाईने ते म्हटल्याचे शिष्याने स्वतःच चार ठिकाणी, तिच्या माजाचा पुरावा म्हणून, सांगितले होते.  शिष्याने मान खाली घातली.

"तू म्हणालास तो स्वाभिमान," आचार्य सावकाश म्हणाले, "आणि तीच गोष्ट ती म्हणाली तर तो माज, असं कसं चालेल? तुम्ही तांबट ना? तुमचाच बंब दुसऱ्याने आपला म्हणून तुम्हाला बक्षीस दिला, तर घ्याल का तुम्ही?"

वडील पंचांनी धीर करून विचारले, "पण महाराज, मेहनत तर त्याचीच ना? हातोडी तिने मारली नाही."

तेव्हा आचार्य काठी टेकून उभे राहिले, आणि जे बोलले ते मी माझ्या परीने सांगतो. ते म्हणाले, "हातोडीने कमाई होते. ठेव कमाईने होत नाही. तुमच्या आळीत महिपतपेक्षा जास्त कमावणारे होऊन गेले, त्यांच्या नावाने तळघरात काय आहे? तुम्हालाच ठाऊक. जे कमावलं आणि खाल्लं नाही, जे हातात आलं आणि उडवलं नाही, त्याची ठेव होते. या प्रत्येक लगडीमागे एक न घेतलेलं लुगडं आहे, एक पुढच्या वर्षावर ढकललेला सण आहे. त्या घरात काय घ्यायचं नाही, हे रोज सकाळी कोण ठरवत होतं? आणि भट्टीवरून उठून आलेल्या माणसापुढे वेळेवर ताट कोण ठेवत होतं, की त्याने पुन्हा हातोडी उचलावी? त्याचा खांदा यात गेला, हे खरं आहे. तिचं तरुणपणही यातच गेलं. खांदा दिसतो, कारण तो दुखतो. दुसरं दिसत नाही, एवढाच फरक. तुमच्या पूर्वजांना हे कळत होतं. म्हणून त्यांनी लगड बायकांच्या हाती दिली. तुम्ही त्यावर हसत राहिलात, आणि नाव मात्र एकाचंच घेत राहिलात."

मग आवाज खाली आणून ते महिपतला म्हणाले, "ऊठ बाबा. उपरणं खांद्यावर घे. तुला कोणापुढे काही पसरायचं नाही. तिलाही नाही. एवढंच दाखवायचं होतं."

महिपत उठला. त्याचा राग उतरला होता आणि त्याच्या जागी दुसरेच काही आले होते. तो हळू म्हणाला, "महाराज, अर्ध्यात माझं भागेल कसं? मलाही म्हातारपण आहे."

"ओढाताणीत भागेल," आचार्य म्हणाले. "तिचंही तसंच भागेल. एका घरासाठी साठवलेलं दोन घरांना पोटभर पुरत नाही, ते मला काय, देवीलाही करता येणार नाही. पण दोघांची ओढाताण सारखी असेल. आणि आजपासून पुढे जी लगड तू ओतशील, ती तुझ्या एकट्याची. तिच्यावर तिचा हक्क नाही. गोदूबाई, आता वाटणी कर."

गोदूबाईने पदर खोचला आणि ढिगापाशी बसली. सगळ्यांत आधी तिने काही लगडी वेचून बाजूला काढल्या. त्यांवर वेगळा, जुना शिक्का होता. "या लग्नाआधीच्या," ती म्हणाली. "सासूबाई आणून ठेवायच्या. यांत माझं काही नाही." हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि त्या काढल्या नसत्या तरी कोणाच्या लक्षात आले नसते. महिपतने प्रथमच तिच्याकडे सरळ पाहिले. मग तिने उरलेल्या लगडींचे दोन ढीग करायला घेतले. लगडी काही एका वजनाच्या नसतात. एक उजव्या हातात, एक डाव्या हातात, असे तोलून पाहत, इकडची तिकडे करत, तिने सावकाश दोन्ही ढीग सारखे केले. वडील पंच तराजू आणू लागले, महिपतच म्हणाला, "राहू द्या. तिचा हात चुकत नाही."

तिने सासूच्या वेळच्या लगडी महिपतच्या ढिगात सरकवल्या. आपल्या ढिगातल्या लगडी टोपलीत भरल्या. आणि उठून उभी राहिली.

"अहो, त्यांचा वाटा त्यांच्या हातात द्या की," वडील पंच म्हणाले. निवाडा व्यवस्थित पार पडावा एवढीच त्यांची इच्छा होती.

"मी देणारी कोण?" गोदूबाई म्हणाली. "त्यांचं आहे. त्यांनी उचलावं."

आचार्यांनी डोळे मिटून घेतले. शिष्याला वाटले त्यांना थकवा आला. पण ते पुटपुटले, "बघ, हा भाग मी सांगणार होतो. मला बोलावंच लागलं नाही." त्यांच्या आवाजात असा अभिमान होता की जणू आपल्या पोटच्या लेकीने पैज जिंकली आहे. शिष्याने त्यांना आपल्या कोणत्याही पाठांतराबद्दल असे बोलताना ऐकले नव्हते, आणि आज त्याला त्याचे वाईट वाटले नाही.

महिपत वाकला आणि त्याने आपल्या लगडी स्वतः उचलल्या.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गोदूबाई टोपली घेऊन घरी गेली नाही. टोपली घेऊनच ती पंचांसमोर उभी राहिली. "या पुन्हा तळघरात ठेवा. माझ्या नावाने."

"बाईच्या नावाने ठेव?" पंच एकमेकांकडे पाहू लागले. "आळीत अशी झालेली नाही कधी."

"आणून ठेवणाऱ्या सगळ्या बायाच. बाईच्या नावाची तेवढी राहिली होती," ती म्हणाली. "म्हातारपण मलाही येणार आहे. घरात ठेवल्या तर मीच मोडून खाईन."

मागे बायकांमध्ये कोणी तरी हसले, मग सगळ्याच हसल्या. याच बायका महिनाभर तिला नावे ठेवत होत्या. आता त्यांतली प्रत्येक जण मान उंच करून उभी होती, जणू टोपली तिच्याच डोक्यावर आहे. वडील पंचांनी पराभव मान्य करून विचारले, "पण मग शिक्का कोणता? शिक्का लागतो. जुना चालणार नाही."

गोदूबाई वळली. आळीत लोखंडात शिक्का कोरून देणारा सगळ्यांत चांगला हात कोणाचा, हे तिला सांगायची गरज नव्हती. ती महिपतसमोर जाऊन उभी राहिली. आज दोघांच्या मध्ये उंबरा नव्हता. "मला एक शिक्का करून हवा आहे. दोन आडव्या रेघा पुरेत. नक्षी नको, नक्षीचे जास्त पडतात. काय घ्याल?"

महिपतने तोंड उघडले. त्याच्या ओठांवर काय आले होते, ते देवळातल्या प्रत्येकाला दिसले. तुझ्याकडून काय घ्यायचं, असेच कोणीही म्हणाले असते, आणि त्यात माया असती. पण तो थांबला. त्याने एकदा तिच्या टोपलीकडे पाहिले, मग शांतपणे इतरांना सांगे तो दर तिला सांगितला.

"फार सांगता," गोदूबाई म्हणाली. "लोखंड माझं दिलं तर?"

"तर थोडं कमी होईल. पण काम पाहून बोला बाई, हे काम दुसरीकडे होत नाही."

तिने आणखी थोडी घासाघीस केली, त्याने थोडे उतरवले, आणि व्यवहार ठरला. तिने कमरेची पिशवी सोडून इसार मोजून दिला, आणि त्याने तो नीट मोजून घेतला. दोघांच्याही माना ताठ होत्या.

टेकडी चढताना शिष्य अर्ध्या वाटेत थांबला. मग म्हणाला, "आचार्य, मीही अर्धेच सांगितले होते. आपणही अर्धेच केले. मी दिवसभर विचार करतो आहे की माझे कुठे चुकले."

"आता कळलं का?"

"हो. मी त्याला द्यायला सांगत होतो."

आचार्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढची चढण दोघांनी तशीच पार केली.

आपल्यातही संसार वेगळे होतात, आणि अशा वेळी "मी तिला अर्धं देऊन टाकलं" असे छाती फुगवून सांगणारे भले लोक भेटतात. त्यांना नावे ठेवू नयेत. फक्त जवळ बसून हळूच विचारावे, कोणाचं?